कृष्णद्रव्यासाठी तांब्याचा डबा

आमचा गाळा भांडुप पश्चिमेला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल आणि एक पत्र्याचं टेबल. मालक आम्ही दोघं, मी आणि माझा भागीदार. आयटीआयत आम्ही एका बाकावर बसायचो. माझे वडील गिरणीत विणकर होते, गाव मालवणकडचं. त्याचे वडील जालन्याहून आलेले, महापालिकेत नोकरीला. मी लेथवर चांगला, तो मिलिंगवर आणि मोजमापात. ही वाटणी आम्ही कधी बोलून केली नाही, आपोआप झाली.

तीस वर्षांत आम्ही हजारो बुश, शाफ्ट आणि व्हॉल्व्हचे भाग केले. ड्रॉइंग यायचं, माप यायचं, जॉब करून द्यायचा. तो पुढे कुठल्या मशीनमध्ये बसतो, काय करतो, हे कोणी सांगत नसे आणि आम्हीही विचारत नसू. एक डबा मात्र असा झाला की त्याचं सगळं मला ठाऊक आहे. त्याबद्दल मला कोणी विचारलं नाही तरी मी सांगत असतो. घरातले कंटाळलेत.

मे महिन्याच्या मध्यावर एक बाई गाळ्यात आल्या. पस्तिशीच्या असतील. पाठीला सॅक, हातात ड्रॉइंगची गुंडाळी. सांगलीकडची मराठी.

"काका, तांब्याचा डबा करून द्याल का? झाकणासकट."

भागीदाराने मान वर केली. "पाणी प्यायला का? हल्ली सगळे तांब्याचंच पितात."

त्या हसल्या. "नाही हो. डार्क मॅटर पकडायला."

"कोणाला पकडायला?"

"बसू का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्टूल ओढून बसल्या.

त्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होत्या. अंधेरीतल्या तीन गाळ्यांनी आणि घाटकोपरच्या एकाने त्यांना नाही म्हटलं होतं. का ते आम्हाला लगेच कळलं. डबा लहान, जेमतेम तळहातावर मावेल एवढा, पण त्याच्यासोबत दोन पानं भरून अटी होत्या. भागीदाराने त्या मोठ्याने वाचायला घेतल्या. तांबं आमचं नाही, त्या आणतील तेच. नेहमीचं कटिंग ऑइल चालणार नाही, टूलवर फक्त शुद्ध अल्कोहोल सोडायचं. टूल कोरं हवं, आधी लोखंडाला लागलेलं नको. उघड्या हाताने जॉबला शिवायचं नाही. पंखा बंद, दार बंद. तांब्याचा कीससुद्धा परत द्यायचा.

"मे महिन्यात पंखा बंद?" भागीदार म्हणाला. "वाट लागेल ना मॅडम."

"मला माहितीये," त्या म्हणाल्या. "म्हणूनच सगळे नाही म्हणतात."

मी त्यांना म्हटलं, "हे सगळं कशासाठी ते सांगा. मग बघू."

खरं तर मी वेळ काढायला विचारलं होतं. काम नाकारायचं मी मनात ठरवलं होतं. पण त्यांनी सॅक खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. चहा आला, संपला, पुन्हा आला. त्यांनी घाई केली नाही, आणि आम्हाला काय कळणार असा चेहराही केला नाही.

आकाशात ताऱ्यांच्या दीर्घिका असतात, त्या म्हणाल्या. अब्जावधी तारे एकत्र, आणि सगळा घोळका गरागरा फिरतोय. किती वस्तुमान आहे ते मोजता येतं, कारण तारे आणि वायू दिसतात. तेवढ्या वस्तुमानाची ओढ किती असेल तेही काढता येतं. पण कडेचे तारे त्या मानाने फारच वेगाने फिरताना दिसतात.

मी लेथच्या चककडे, जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीकडे, पाहिलं. "म्हणजे चकमध्ये जॉब नीट बांधला नाही आणि स्पीड वाढवला तर तो उडून जातो."

"बरोब्बर!" त्या स्टुलावरून उठल्याच. "हे तारे उडून जायला हवेत, काका. पण जात नाहीत. अब्जावधी वर्षं झाली, जात नाहीत."

"मग धरून कोणी ठेवलंय?"

"तेच तर शोधतोय."

मी तीस वर्षं जॉब चकमध्ये बांधतोय. एकदा उडालेला तुकडा माझ्या कानाजवळून गेला होता. त्यामुळे त्या म्हणत होत्या ते मला डोक्याने कळायच्या आधी अंगाला कळलं.

भागीदार मात्र सहज मानणारा नाही. "दिसत नाही म्हणता, मग आहे कशावरून? तुमचं गणितच चुकलं असेल तर?"

"असूही शकतं," त्या म्हणाल्या. "असं म्हणणारे लोक आहेत. पण नुसत्या फिरण्यावरून नाही म्हणत आम्ही. लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश मधल्या दीर्घिकांपाशी वाकतो. तोही दिसतं त्यापेक्षा जास्त वाकतो. वेगवेगळ्या बाजूंनी मोजलं तरी उत्तर एकच येतं: दिसतं त्याच्यापेक्षा पाचपट जास्त काहीतरी तिथे आहे. मराठीत त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. पण काळं नाही हं ते. काळी वस्तू दिसते तरी. याच्यातून प्रकाश आरपार जातो. तुमच्या-माझ्यातूनही ते आत्ता आरपार जात असेल."

भागीदाराने स्वतःच्या छातीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि हा डबा?"

डब्यात एक स्फटिक बसणार होता. तो एका खाणीत, शेकडो मीटर खडकाखाली ठेवायचा. कृष्णद्रव्याचा एखादा कण चुकून कधीतरी स्फटिकाला धडकला, तर बारीकसा धक्का नोंदला जाईल. अडचण अशी की जगात सगळंच थोडंथोडं किरणोत्सारी असतं. भिंत, माती, केळं. त्यांचेही धक्के बसतात आणि हवा तो धक्का त्या गोंगाटात हरवतो. म्हणून डबा शांत पाहिजे, स्वतःचे धक्के न देणारा. शुद्ध तांबं इतर धातूंपेक्षा शांत असतं.

"केळंसुद्धा?" मी विचारलं.

"केळंसुद्धा. तुम्हीसुद्धा, मीसुद्धा. फार थोडं, काळजी करायचं कारण नाही."

त्या गेल्यावर भागीदार मला म्हणाला, "तू नाही म्हणणार होतास ना?"

"हो."

"मग म्हटलं का नाहीस?"

"तू तरी कुठे म्हणालास रे?"

आम्ही काम घेतलं.

तांबं येण्याआधी दोन दिवस नुसती सफाई केली. लेथ इतका स्वच्छ आम्ही नवा घेतला तेव्हाही नव्हता. चकचे जबडे उकलून धुतले. वर्षानुवर्षांचं तेल आणि लोखंडाची पूड चिंध्यांवर निघत होती. माझे वडील तेव्हा ब्याऐंशीचे होते. दुपारी घरी करमत नाही म्हणून गाळ्यात येऊन दारापाशी बसायचे. दोन म्हातारे होत आलेले गडी जुन्या मशीनला टूथब्रशने घासताहेत हे बघून त्यांनी विचारलं, "लगीन कोणाचा हा?"

तांबं आलं ते प्लास्टिकच्या तीन थरांत गुंडाळलेलं. ते इतके दिवस जमिनीखाली साठवून ठेवलेलं होतं, आणि वर काढल्यापासून मॅडम दिवस मोजत होत्या. आकाशातून बारीक कण सतत आपल्यावर पडत असतात, ते शिरले की तांबंही हळूहळू किरणोत्सारी होतं. खडकाखाली ते पोचत नाहीत. "म्हणून उशीर नको," त्या म्हणाल्या. विमानानेही नेता येत नव्हतं, कारण उंचावर हे कण जास्त. गाडीनेच जायचं होतं.

शुद्ध तांबं कापायला फार त्रासदायक. मऊ असतं, टूलला चिकटतं, कीस तुटत नाही, लांबच लांब निघून जॉबला गुंडाळतो आणि पृष्ठभागावर ओरखडे काढतो. धार किती लावायची, कट किती घ्यायचा, हे हाताला कळेपर्यंत पहिला दिवस गेला. मॅडम हातमोजे घालून बाजूला उभ्या राहायच्या आणि कीस चिमट्याने पिशवीत भरायच्या. पंखा बंद, दार बंद. तिघंही घामाने निथळत होतो. मी कपाळाला पट्टी बांधली होती, वर टोपी, तोंडाला मास्क. वडील बाहेर बसून काचेतून बघत होते.

झाकणासाठी तुकडा वेगळा करायचा होता तेव्हा भागीदार आडवा आला. ड्रॉइंगप्रमाणे उरलेलं तांबं टर्निंगमध्येच काढून टाकायचं होतं, कीस करून. तो म्हणाला, "एवढ्या लांबून आलेल्या वस्तूचा भुगा कशाला? मी चकती कापून घेतो, राहील." त्याच्यामुळे माझा अर्धा दिवस गेला. मी कुरकुर केली.

पाचव्या दिवशी डब्याच्या आतला शेवटचा कट घेत होतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं काम. टूल अगदी तळापर्यंत पोचलं. मी वाकून बघितलं आणि पट्टीखालून एक थेंब सुटला. तो नेमका आत पडला.

मॅडम त्या वेळी पाठमोऱ्या होत्या, पिशवीवर वेळ लिहीत होत्या. भागीदार मिलिंगपाशी. कोणी पाहिलं नव्हतं. अल्कोहोल हातातच होतं. पुसलं असतं तर पाच सेकंदांचं काम. डोळ्यांना काही दिसलं नसतं. मी मशीन बंद केलं, आणि मला अजून आठवतं, माझा हात बाटलीकडे गेलाही होता.

मी थांबलो ते प्रामाणिकपणा वगैरेमुळे नाही. त्या पहिल्या दिवशी चहा पिताना त्यांनी इतकं मन लावून सांगितलं होतं, की पुसून गप्प बसणं म्हणजे मला काहीच कळलं नव्हतं असं झालं असतं.

"मॅडम, घाम पडला आत."

त्या वळल्या. भागीदाराने डोक्याला हात लावला.

"किती?"

"एक थेंब."

त्या खाली बसल्या. घामात पोटॅशियम असतं, त्यातला थोडा अंश किरणोत्सारी असतो, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या वेळी एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत काका. तुम्ही सांगितलं नसतं तर दोन वर्षांनी मी एक धक्का बघितला असता आणि वेडी झाले असते."

डबा शेवटी सौम्य आम्लात बुडवून वरचा पातळ थर काढणार होतेच, त्याची सूट मापात धरलेली होती. आता थेंब मुरायच्या आत एकदा, आणि शेवटी पुन्हा एकदा, असा दोनदा थर काढावा लागणार होता. म्हणजे डब्याचं तोंड मापापेक्षा थोडं मोठं होणार आणि झाकण सैल बसणार. झाकण तयार होतं. दुसरं तांबं मागवायला वेळ नव्हता.

त्या डबा गुंडाळून लगेच रिक्षाने गेल्या. दार उघडल्यावर भागीदार माझ्यावर भडकला. "कशाला सांगितलंस? पुसलं असतंस तर चाललं नसतं का?" थोड्या वेळाने तो स्वतःच उठला, कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आत त्याने वाचवलेली चकती होती. "झाकण परत होईल यातून," तो म्हणाला. "डब्याचं नवं माप येऊ दे, मग करू. आणि पट्टी नवीन बांध, यार."

दुसऱ्या दिवशी मॅडम डबा घेऊन आल्या. आम्लातून निघालेलं तांबं असं गुलाबी मी कधी पाहिलं नव्हतं. भागीदाराने हातमोजे घालून पाच वेळा माप घेतलं, शेवटच्या बुडवण्यात किती जाईल ते मॅडमना विचारून त्यात मिळवलं, आणि मी त्याप्रमाणे झाकण केलं. माझ्या मानेला त्याने टॉवेल गुंडाळला आणि दर दोन मिनिटांनी तो स्वतः माझं कपाळ टिपत होता. ऑपरेशनच्या टेबलावर नर्स टिपते तसं. आम्ही एवढ्या वर्षांत भांडलो भरपूर, पण त्या तासाभरात तो एक शब्द बोलला नाही. आज त्याच्याबद्दल काही चांगलं सांगायचं झालं तर मला तो टॉवेल आठवतो.

डबा गेला. गाळा पुन्हा बुश आणि शाफ्टवर आला. पण भागीदाराला नाद लागला. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर विश्वाबद्दल काही ना काही बघायचा आणि मला ऐकवायचा. एक दिवस जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणाला, "माहितीये का, तारे, ग्रह, आपण, हे भांडुप, सगळं मिळून शंभरातले जेमतेम पाच भाग. कृष्णद्रव्य सत्तावीसच्या आसपास. बाकी सगळी कृष्णऊर्जा."

"ती आणखी काय?"

"विश्व पसरतंय ना, ते हळू पडायला पाहिजे होतं. पण वेग वाढतोय. कशामुळे ते कोणालाच धड माहीत नाही. म्हणून नाव दिलंय."

मी मॅडमना फोन करून विचारलं, आपला डबा त्याच्यासाठीही आहे का? त्या म्हणाल्या, "नाही काका, ते वेगळंच कोडं आहे. एका डब्यात मावणारं नाही." पण त्यानंतर वीस मिनिटं त्या मला ते कोडं समजावत होत्या. मी भाजी घ्यायला निघालो होतो, मध्येच रस्त्याच्या कडेला उभा राहून ऐकत होतो. सगळं कळलं नाही. तरी घरी गेल्यावर बायको म्हणाली, "एवढा खूश कशाने?"

दोन वर्षांहून जास्त काळ गेला. दसऱ्याच्या सकाळी आम्ही मशीनची पूजा करतो. म्हणजे मी करतो. भागीदार आदल्या दिवशी त्याचं मिलिंग लखलखीत पुसून ठेवतो, आणि दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जातो, त्यांचा मोठा दिवस असतो. जाता जाता गाळ्यात डोकावून माझ्या घरच्या शिऱ्याचा वाटा खातो. त्या दिवशीही तो उभ्या उभ्या खात होता. वडील खुर्चीवर होते. तेवढ्यात मॅडम आल्या, हातात पेढ्यांचा पुडा.

"निकाल आला," त्या म्हणाल्या.

"सापडलं?" आम्ही दोघं एकदम.

"नाही. काहीच नाही."

भागीदाराचा हात तसाच राहिला. मला त्या थेंबाची आठवण झाली. मी हळूच विचारलं, "आमच्या कामात काही खोट राहिली का?"

"खोट राहिली असती तर काहीतरी दिसलं असतं, काका!" त्या म्हणाल्या. "तुमचा डबा इतका शांत निघाला की आमच्यापैकी कोणाचा आधी विश्वास बसेना. आम्ही पुन्हा पुन्हा तपासलं. आता आम्हाला खात्रीने सांगता येतं की या वजनाचे कण, या जोराने धडकणारे, तिथे नाहीत. म्हणजे एवढा पट्टा शोधून झाला. जगातले इतर लोक आता तिथे न शोधता पुढे शोधतील."

मी असं काम कधी केलं नव्हतं, ज्याची परीक्षा काहीही न घडण्यात होती. पेढा हातात घेऊन मी उभाच राहिलो. मॅडम मग म्हणाल्या की आमच्या गाळ्याचं काम त्यांनी परदेशातल्या एका बैठकीत फोटोसकट दाखवलं. फोटोत माझ्या मानेला टॉवेल होता. फोटो कधी काढला हे मला माहीतही नव्हतं. भागीदार म्हणाला, "बघ, मी नाही दिसत त्यात. फक्त माझा हात." आणि आम्ही सगळे हसलो.

वडिलांना ऐकू कमी यायचं, पण हे सगळं त्यांनी लक्ष देऊन ऐकलं होतं. त्यांनी मॅडमना जवळ बोलावलं. "गो चेडवा, ता गावूक नाय. मगे आता काय करतलंस?"

ते सापडलं नाही, मग आता काय करशील पोरी, असं मी शहरी मराठीत सांगायला लागलो, पण मॅडमना कळलं होतं. त्या वडिलांच्या खुर्चीपाशी उकिडव्या बसल्या. "आता मोठा डबा करायचा, आजोबा."

वडिलांनी मान हलवली, जणू त्यांना हेच उत्तर अपेक्षित होतं. गिरण्या बंद पडल्या तेव्हा हा माणूस दोन वर्षं रोज सकाळी उठून काम शोधायला बाहेर पडत होता. काही मिळालं नाही असं संध्याकाळी आईला सांगताना मी त्यांना ऐकलंय, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा चपला घालताना पाहिलंय. त्याच काळात त्यांनी मला आयटीआयचा फॉर्म आणून दिला. मॅडमच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "कर, कर. ह्ये दोघे आसत."

मोठा डबा आम्ही त्या हिवाळ्यात केला. वडील तेव्हा नव्हते. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत झोपेतच गेले. मॅडम भेटायला घरी आल्या होत्या, आईजवळ बराच वेळ बसल्या. कामाच्या दिवसांत दाराबाहेरची खुर्ची रिकामी होती, भागीदाराने ती आत घेऊ दिली नाही.

त्यालाही आता तीन वर्षं झाली. माझ्या हातून काय काय झालं असं मागे वळून बघतो तेव्हा मला तक्रार करावीशी वाटत नाही. मोठं काही केलं नाही. पण एका शिकलेल्या मुलीने पत्र्याच्या टेबलाशी बसून, दोन चहा पिऊन, मला बरोबरीचा समजून सांगितलं की हे काम कशासाठी आहे. तीस वर्षांत ते आधी कोणी केलं नव्हतं. तेव्हापासून गाळ्यात जे कोणी ड्रॉइंग घेऊन येतं, त्याला मी विचारतो, हे कुठे बसणार? काही लोक वैतागतात. बरेचसे सांगतात. गेल्या महिन्यात एकाने सांगितलं की तो बुश मुलुंडच्या एका दवाखान्यातल्या लहान मुलांच्या खाटेत बसणार आहे. त्या बुशची कड मी जरा जास्त मऊ केली.

मॅडमचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतो. मोठा डबा खाणीत आहे, नोंदी चालू आहेत. मी पहिला प्रश्न तोच विचारतो, "काही दिसलं?" त्या म्हणतात, "नाही काका, अजून नाही." मला बरं वाटतं, आपलं काम शांत आहे म्हणून. आणि त्याच वेळी मनापासून वाटतं की हिला एकदा तरी काहीतरी दिसू दे. दोन्ही एकदमच वाटतं.